बाबांची पिशवी : वास येतो म्हणून बाबा घराबाहेरच पडत नाहीत (इलिओस्टॉमी)

लेक_मानेवाडा · १४ एप्रिल

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज लिहिते आहे. बाबा ६७ वर्षांचे. गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं, तेव्हा पोटावर उजवीकडे इलिओस्टॉमी केली, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून त्यावर पिशवी लावली. तात्पुरती आहे. केमो संपली की आतडं पुन्हा आत घेऊ, असं डॉक्टर म्हणाले. केमो सुरू आहे.

अडचण दोन प्रकारची. एक, वास. दोन, पिशवीत पडणारं सगळं पाण्यासारखं पातळ. दिवसातून आठ-नऊ वेळा रिकामी करावी लागते. रात्री दोनदा गादीवर गळलं. दोन्ही वेळा बाबांनी स्वतःच चादर धुऊन वाळत टाकली, आम्हाला सकाळी दोरीवर दिसली.

कांदा, लसूण, कोबी, मुळा, अंडी सगळं बंद केलं. आता वरणाचं पाणी आणि केळं एवढ्यावर आलेत, तरी वास आहेच. पाणी भरपूर प्या म्हणून सांगितलंय, तर चार लिटर पितात, वरून नारळपाणी. बाबा रेल्वेत लोको पायलट होते, अजनीहून निवृत्त झाले. रोज सकाळी सक्करदऱ्याच्या तलावाकडे फिरून मित्रांसोबत टपरीवर चहा, हा नेम होता. ऑपरेशननंतर एकदाही गेले नाहीत. समोरच्या खोलीत कूलरपाशी एकटे बसतात. जेवायलाही आमच्यात येत नाहीत. मित्र घरी आले तर झोपलो आहे म्हणून सांग, म्हणतात.

काय चुकतंय आमचं?

महालकर_काका · १४ एप्रिल

पोरी, मला कोलोस्टॉमीला (मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर) अकरा वर्षं झाली, कायमची. तुझ्या बाबांचं दुखणं मला समजते.

पहिले हे पाहा की वास कुठून येऊन राहिला. वासाला पत्ता असते. तो सापडल्याशिवाय माणसाचं जेवण तोडू नको. पिशवीचं प्लास्टिक वास बाहेर जाऊ देत नाही, ते बनवलंच तसं असते. म्हणजे पिशवी नीट बसली असेल तर बाजूला बसलेल्या माणसाला काही कळायला नको. रिकामी करताना वास येईल, तो तर सर्वांच्याच संडासात येते. पण बसल्या जागी येत असेल तर तीनच जागा असतात.

एक, खालचं तोंड. रिकामी केल्यावर तोंडाच्या आतल्या दोन-तीन सेंटिमीटरला जे चिपकून राहते, ते कागदानं नीट पुसून मगच चिमटा लावायचा. ही जागा सर्वात जास्त लोक विसरतात. दोन, चकतीची कड, म्हणजे चामडीला चिपकते ती. तिच्याखाली थोडंही पाझरलं की वास सुटते, मग वरून कितीही अत्तर मारा. तीन, फिल्टर. वर कोळशाचा असते तो. ओला झाला की त्याचं काम संपलं, आणि इलिओस्टॉमीत पातळ असल्यानं तो लवकर ओला होते.

नवी चकती लावल्यावर पहिले दोन दिवस वास नाही आणि मग सुरू होत असेल, तर कड पाहा. रिकामी केल्याबरोबर येत असेल तर तोंड पाहा. दोन दिवस फक्त एवढंच पाहून सांग.

गोधनी_रोड · १४ एप्रिल

माझ्या मोठ्या भावाचं सांगतो. तो पिशवीत अॅस्पिरिनची एक गोळी टाकतो, वास कमी होतो. गॅसनं फुगली की वर सुईनं टोचून टेप लावतो. खर्च काहीच नाही.

निवृत्त_सिस्टर · १५ एप्रिल

गोधनीवाले भाऊ, तुम्ही मदत म्हणूनच सांगितलंत, पण हे दोन्ही आजच बंद करायला सांगा. अॅस्पिरिन विरघळून स्टोमाच्या, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाच्या, नाजूक अस्तराला लागलं की तिथे जखम होते, रक्त येतं. आणि स्टोमाला दुखणं कळतच नाही, तिथे तसल्या नसा नसतात. रक्त दिसेपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही. ही गोळीची युक्ती जुनी आहे, वॉर्डात मी खूप जणांकडून ऐकली आणि त्यातल्या काहींचे स्टोमे नंतर पाहिलेही. सुईनं टोचलेली पिशवी तर वासासाठी उघडी खिडकी झाली. वास मारणारे थेंब पिशवीत टाकण्यासाठीच मिळतात, ते वापरा. गॅस खालच्या तोंडानं, संडासात जाऊन सोडा.

मानेवाड्याच्या ताई, मला वासापेक्षा तुमच्या पाण्याची काळजी वाटते. आत्तापासून पुढचे चोवीस तास पिशवीतलं सगळं मापाच्या मगमध्ये मोजा आणि लिहून ठेवा. लघवी किती होते, रंग कसा आहे, तेही लिहा. उभं राहिल्यावर चक्कर येते का? पायात गोळे येतात का? चकतीचं भोक किती मिलिमीटरचं कापता आणि चकती किती दिवसांनी बदलता?

लेक_मानेवाडा · १६ एप्रिल, रात्री

मोजलं. १९०० मिली. लघवी तीनदाच झाली, गडद पिवळी. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, पण बाबा म्हणाले वयामुळे असेल. भोक ३५ मिमीचं, दवाखान्यातून सुटी देताना जो साचा दिला त्यावरूनच कापतो. चकती चार-पाच दिवसांनी बदलतो असं बाबा म्हणतात. ते काम ते स्वतः दार लावून करतात.

निवृत्त_सिस्टर · १६ एप्रिल, रात्री

ताई, सकाळची वाट पाहू नका. आत्ता डॉक्टरांना किंवा त्यांच्या वॉर्डाला फोन करा. आकडा सांगा, लघवीचं आणि गोळ्यांचं सांगा, केमो सुरू आहे हे आवर्जून सांगा. केमोच्या औषधांनीही जुलाब होतात, म्हणून घरच्या घरी थांबवायची गोळी देऊ नका. इलिओस्टॉमीतून दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर जाणं नेहमीचं. दीड लिटरच्या वर सतत जात असेल तर शरीरातलं मीठ आणि पाणी दोन्ही संपत असतं.

फोन झाला की पुढचं वाचा.

मोठ्या आतड्याचं मुख्य काम पाणी आणि मीठ परत शोषून घेण्याचं. बाबांच्या वाटेत ते सध्या नाही. अशा माणसाला नुसतं पाणी भरपूर पाजलं, तर लहान आतडं त्या पाण्याची खारटपणाची पातळी जुळवायला शरीरातलं मीठ आतड्यात ओढतं, मिठामागे पाणी जातं आणि सगळं मिळून पिशवीत येतं. म्हणजे जितकं साधं पाणी जास्त, तितकी पिशवी जास्त भरते आणि माणूस तितकाच कोरडा होतो. तहान लागते, आणखी पाणी पितो. चार लिटर पिऊनही लघवी गडद, त्याचं कारण हे. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, म्हणून या कामाला ते पुरत नाही. चहा, सरबत, उसाचा रस यांचंही तेच.

आतड्याला पाणी शोषायला मीठ आणि साखर बरोबर लागते. ओआरएसचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट पेल्यात असं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच. दिवसभर घोट-घोट. जास्त जाणाऱ्यांना डॉक्टर कधी याहून खारट द्रावण सांगतात आणि साध्या पाण्यावर मर्यादा घालतात. तो आकडा त्यांच्याकडूनच घ्या, मीठ वाढवायचं तर बीपी आणि किडनीही पाहावी लागते.

"पाणी भरपूर प्या" हे वाक्य सगळ्यांना सारखंच सांगितलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. इलिओस्टॉमीच्या माणसाला घरी पाठवताना मीठ हा शब्द आधी सांगायला हवा.

खामल्याची · १७ एप्रिल

ताई, बाबा कसे आहेत? कळवा.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा आजार) इलिओस्टॉमी आहे, पाच वर्षं झाली. परसोडीच्या आयटी पार्कात रोज जाते. प्रवाह आटोक्यात आणण्याबद्दल माझ्या अनुभवातलं लिहिते. डॉक्टरांनी खायला मोकळीक दिली की उपयोगी पडेल.

वरणाचं पाणी आणि केळं, यातलं केळं ठीक, पण पाण्याला धरून ठेवायला पोटात काहीच नाही. मऊ भात, उकडलेला आलू, साबुदाण्याची खिचडी (फल्लीदाणे अख्खे नकोत, बारीक कूट चालतो), पोळी, टोस्ट यांनी घट्टपणा येतो. दही-भात मला सगळ्यात चांगला. दह्या-ताकानं वासही थोडा कमी होतो, निदान माझा होतो. जेवताना पाणी पीत नाही, अर्धा तास आधी किंवा नंतर पिते. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान. पोट रिकामं ठेवलं की गॅस वाढतो आणि पाणी तर येतंच, म्हणून उपाशी राहून पिशवी रिकामी राहील ही आशा सोडायला सांगा. मी पहिल्या वर्षी ऑफिसात दिवसदिवस उपाशी राहायचे.

संत्र्याबद्दल खास सांगते, कारण आपल्या नागपुरात ते कोणी ना कोणी आणून देतंच. फोडीचं पातळ साल आतड्यात पचत नाही, त्याचा गोळा होऊन स्टोमाच्या तोंडाशी अडकतो. मला मृग बहाराच्या दिवसांत एकदा असं झालं, पाच तास पिशवी कोरडी, पोटात कळा, उलट्या. दवाखान्यात भरती व्हावं लागलं. आता फोड सोलून आतला गर तेवढा खाते. भुट्टा, ओलं खोबरं, मशरूम यांचंही तसंच. चार-सहा तास काहीच आलं नाही आणि पोट दुखत असेल, तर जुलाबाचं औषध चुकूनही घ्यायचं नाही, सरळ दवाखाना.

कांदा-लसूण कायमचे तोडायची गरज नाही. एका वेळी एकच पदार्थ परत सुरू करा, दोन दिवस पाहा. भाजीत वरून सांबार (कोथिंबीर) भरपूर टाका, पण बारीक चिरून.

आणि बीट खाल्लं तर पिशवीत लाल दिसेल. पहिल्यांदा पाहून माझ्या आईनं आरडाओरडा केला होता.

लेक_मानेवाडा · २० एप्रिल

सिस्टर, तुमचे उपकार कसे फेडू. त्या रात्रीच नेलं. रक्तात सोडियम बरंच कमी होतं. दीड दिवस सलाइन लागलं, केमोचा डोस आठवडाभर पुढे ढकलला. आता ओआरएस ठरवून दिलंय, साधं पाणी मोजून, आणि जेवणाआधी अर्धा तास लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवायची गोळी. काल मोजलं तर ११०० मिली. पायातले गोळे गेले.

आता वासाचं. काका, तुम्ही म्हणालात तसं पाहायचं म्हणून मी पहिल्यांदाच बाबांसोबत चकती बदलायला बसले. आधी नाही म्हणत होते. मग म्हणाले, बैस.

चकती काढली आणि मला पाहवेना. स्टोमाच्या भोवती सगळं लालभडक, खालच्या बाजूला साल निघालेलं. चकतीच्या मागचा चिकट भाग विरघळून गेलेला. स्टोमा मोजला तर २८ मिमी, आणि आम्ही ३५ चं भोक कापतो आहोत. भोवती साडेतीन मिमीची उघडी चामडी, तिच्यावर दिवसरात्र तेच पाणी.

मी विचारलं, बाबा ही चकती कधी लावली होती? ते काही बोलले नाहीत. कपाटात डबा आहे, त्यावर त्यांनी पेन्सिलीनं तारखा लिहिल्यात. एक चकती आठ दिवस, एक तर नऊ दिवस. महिन्याला चारच लागाव्यात असा हिशेब लावून ठेवला होता. म्हणाले, आधीच माझ्या आजारात किती गेले तुमचे, आणि तात्पुरतंच तर आहे.

जळजळ सहन करत होते, वास सहन करत होते, बाहेर जाणं सोडलं, पण डबा उघडला नाही. मला त्या तारखा डोळ्यासमोरून जात नाहीत.

निवृत्त_सिस्टर · २० एप्रिल

ताई, असं करणारे बाबा मी अनेक पाहिले, आयाही. यात तुमचा दोष नाही.

ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो, पुढच्या सहा-आठ आठवड्यांत तो आकसतो. म्हणून या काळात दर बदलताना मोजायचं. सुटीच्या दिवशीचा साचा एप्रिलमध्ये चालत नाही. भोक स्टोमापेक्षा २-३ मिमीच मोठं, म्हणजे तुमचं ३० ते ३१. लहान आतड्यातल्या पाण्यात पाचक रस असतात, ते चामडी अक्षरशः पचवायला घेतात. इलिओस्टॉमीची चकती तीन-चार दिवसांनी बदला, आणि जळजळ किंवा खाज सुटली तर त्याच क्षणी, मग ती कालची का असेना. जळजळ म्हणजे खाली पाझरतंय.

बदलायचं सकाळी, चहाच्या आधी. तेव्हा प्रवाह सर्वात कमी असतो. साध्या कोमट पाण्यानं धुवा, डेटॉल नको, खोबरेल नको, क्रीम नको, नाहीतर चकती धरणार नाही. पूर्ण कोरडं करा. साल निघालेल्या ओल्या जागेवर स्टोमा पावडर भुरभुरून जास्तीची झटकून टाका. मग चकती लावून वरून तळहात दोन मिनिटं धरून ठेवा. आठवड्यात चामडी बरी दिसली नाही, तर स्टोमा नर्सला दाखवा, चामडीकडे फुगीर असलेली चकती किंवा पट्टा लागेल का ते त्या पाहतील.

बाबांना एक गोष्ट माझ्याकडून सांगा. १९५४ साली डेन्मार्कमध्ये एलिसे सोरेनसेन नावाच्या नर्सनं पोटाला चिकटणारी पिशवी सुचवली. तिच्या बहिणीला, थोराला, स्टोमा झाला होता आणि पिशवी गळेल या भीतीनं ती घराबाहेर पडायला तयार नव्हती. थोरा बाहेर पडावी म्हणूनच ही वस्तू जन्माला आली.

महालकर_काका · २१ एप्रिल

हे तुझ्या बाबांना वाचून दाखव.

दादा, मीही चकत्या मोजल्या आहेत. पहिल्या वर्षी एक चकती दहा दिवस चालवली. मग चामडी इतकी सडली की नवी चकती चिपकेच ना, एका दिवसात तीन-तीन वाया गेल्या. वरून मलम, डॉक्टरची फी. पैसे वाचले नाहीत, जास्तच गेले. मेडिकल चौकातल्या दोन-तीन दुकानांत भाव विचारून पाहा, फरक असते. आपला नंबर आणि साइज सांगून ठेवला की मागवून देतात. पेटीच घेतली तर स्वस्त पडते. आणि पोरीला हिशेब करू द्या, दादा. ती तुमच्यासाठीच करून राहिली.

गोधनी_रोड · २२ एप्रिल

सिस्टर, भावाची गोळी बंद केली. त्याच्या स्टोमावर एक लहान चट्टा होताच, डॉक्टरांना दाखवला. राग नाही, आभार.

त्याचं एक वेगळंच आहे. कोलोस्टॉमी आहे, घट्ट येते, पण खाली पडत नाही. स्टोमाभोवतीच थापून बसते आणि चकती उचलते.

खामल्याची · २२ एप्रिल

पिशवीतली हवा फिल्टरमधून पूर्ण निघून जाते, दोन्ही पडदे एकमेकांना चिपकतात, मग खाली सरकायला वाटच राहत नाही. पिशवी लावण्याआधी आत थोडी हवा फुंकून घ्या, पडदे चोळून वेगळे करा. फिल्टरवर लावायचे गोल स्टिकर पाकिटात येतात, ते लावून ठेवा. आतून वंगणाचे थेंब किंवा थोडं बेबी ऑइल फिरवा, फक्त चामडीला लागू देऊ नका. आणि ते पाणी कमी पीत असतील. कोलोस्टॉमीत ते उलट आहे, त्यांनी साधं पाणी नीट प्यायला हवं.

लेक_मानेवाडा · ९ मे

उशिरा लिहिते आहे. वास गेला. खरंच गेला. ३१ चं भोक, चौथ्या दिवशी बदल आणि खालचं तोंड नीट पुसणं, एवढ्यावर. चामडी गुलाबी झाली आहे. आउटपुट ८०० ते ९०० च्या आसपास. रात्रीचं जेवण सातला, झोपताना रिकामी, दोनचा गजर. गादी कोरडी.

नवी अडचण ऊन. ४४ डिग्रीत घामानं कड सुटते, दोनच दिवस टिकते. नवतपा तर अजून यायचा आहे.

महालकर_काका · ९ मे

चकत्यांचा डबा स्वयंपाकघरात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, खळ वितळते. घरातल्या सर्वात थंड खोलीत ठेवा. लावल्यावर अर्धा तास कूलरसमोर बसवा, लगेच उन्हात नाही. पिशवीवर सुती कापडाचं कव्हर शिवून घ्या, प्लास्टिकखाली घाम साचत नाही. मे महिन्यात मी दोन दिवस आधीच बदलतो, तो खर्च उन्हाचा समजतो. आणि घामातही मीठ जाते, डॉक्टरला विचारून ओआरएस वाढवा.

लेक_मानेवाडा · १७ मे

मी हिचा बाप लिहितो आहे. तिच्याच फोनवरून.

आपण सर्वांनी लिहिलेलं मुलीनं मला वाचून दाखवलं. सिस्टर, काका, बेटा खामला, मी आभारी आहे. गोधनीच्या भावालाही नमस्कार.

मी वही केली आहे. किती वाजता खाल्लं, किती वाजता किती आलं. तीन आठवड्यांत दिसलं की जेवणानंतर दोन तासांनी जोर असतो आणि पहाटे चार ते साडेसात जवळजवळ काही नसतं. आम्ही गाडी चालवायचो तेव्हा इंजिनात संडास नसायचा. कुठे थांबा किती मिनिटांचा, त्याप्रमाणे खाणं-पिणं बसवायचं, हे ३४ वर्षं केलं. ते इथेही जमेल हे मला आधी सुचलं नाही. मंगळवारपासून साडेपाचला तलावावर जातो. मित्रांना सांगितलं. एकानं शर्ट वर करून दाखव म्हटलं, दाखवला. त्याच्या मेहुण्याला आहे म्हणे, तोही घरात बसून आहे. त्याला या रविवारी भेटायला जातो आहे.

एक विचारायचं होतं. २९ तारखेला भाचीचं लग्न वर्ध्याला आहे. मुलगी कारनं जाऊ म्हणते. माझं म्हणणं गाडीनं जावं, रेल्वेनं. डब्यात संडास असतो, कारमध्ये नसतो. लग्नाचं जेवण दुपारी एकला. काय काय बरोबर घ्यावं?

महालकर_काका · १७ मे

दादा, रेल्वेच बरोबर. सकाळी निघण्याआधी नवी चकती नको, आदल्या दिवशी सकाळी लावा, म्हणजे चांगली बसलेली राहील. हातात लहान थैली ठेवा, ती सामानात देऊ नका. तिच्यात आधीच कापलेल्या दोन चकत्या, दोन पिशव्या, कागद, पाण्याची बाटली, ओआरएस, एक बनियान आणि काळी पन्नी. काढलेली पिशवी रिकामी करून पेपरात गुंडाळून पन्नीत बांधायची, कचऱ्यात टाकायची, फ्लश करायची नाही. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, अर्ध्याच्या वर जाऊ देऊ नका. जेवणात भात-वरण, पोळी, दही घ्या. मठ्ठा चालेल. मसालेभातातले काजू बाजूला काढा. तीन वाजता जोर राहील, तेव्हा संडास कुठे आहे ते पोहोचल्याबरोबर पाहून ठेवा.

मेहुण्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांची चकती कितव्या दिवशी बदलतात, ते विचाराल का?

लेक_मानेवाडा · १७ मे

विचारतो. मोजपट्टी सोबत नेतो आहे.